निळं संपलंय, मॅडम

काम म्हणाल तर अगदी साधं होतं. गोदामात जायचं, सात नंबरच्या विहिरीची पेटी उघडायची आणि तिच्यातल्या दगडाचा बोटभर तुकडा कापून आणायचा. लोक कोपऱ्यावर भाजी आणायला जातात ना, तितकंच. मॅडमनी एकतीस वर्षं हेच केलं होतं. ही विहीर पाण्याची नव्हे, तेलाची. जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर वाळूचा खडक असतो, आणि तेल नाहीतर वायू असलाच तर तो त्या खडकात असतो. लोकांना वाटतं, खाली तेलाचं तळं भरलेलं असेल आणि आपण नळी घालून ओढायचं. तळंबिळं काही नसतं हो. असतो तो दगडच. त्याच्या कणाकणांमध्ये नुसत्या डोळ्याला न दिसणारी पोकळी असते, आणि ती किती हे सांगायला मॅडमसारखी माणसं ठेवलेली असतात. शंभर भाग दगडात पोकळी किती भाग, एवढा एक आकडा. त्या आकड्याच्या भरवशावर यंत्रं हलतात, माणसं कामाला लागतात, आणि कधी कधी जिवानिशी जातात.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. "सात नंबर नवीन लोक घेताहेत. त्यांना तो वरचा थर पुन्हा तपासून हवाय. एक स्लाईड करा, मोजा, शुक्रवारी सही करून द्या. जुना आकडा चार टक्के होता ना?"

"चार."

"मग चारच येईल की. दगड काय आठ वर्षांत बदलतो?"

"नाही बदलत," मॅडम म्हणाल्या, आणि उठल्या. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. प्रयोगशाळेत आता माणसंच उरली नव्हती. दगड घासून स्लाईड करणारा तर शेवटचा गेला त्यालाही आठ वर्षं झाली. त्यामुळे कापायचंही त्यांनीच आणि घासायचंही त्यांनीच.

गोदाम आवाराच्या मागच्या अंगाला होतं. पत्र्याचं छत, आणि खाली छताला टेकतील अशा फळ्यांवर लाकडी पेट्याच पेट्या. प्रत्येक पेटीत मनगटाएवढे जाड दगडी दांडे, जमिनीतून जसे निघाले तसे क्रमाने मांडलेले. वास सुक्या चिखलाचा, जुन्या डिझेलचा आणि उंदरांचा. भर दुपारीही आत गेलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. इतका दगड एका जागी असला की तो आवाज पिऊन टाकतो.

"या मॅडम! आज बरी दगडांची आठवण झाली?" गोदामवाला स्टुलावरून उठला. बोलायला माणूस मिळाला की तो सोडत नसे. "सहा महिने झाले, इकडे काळं कुत्रं फिरकलं नाही. मी आपला एकटाच, दगडांशी गप्पा मारतो. ते निदान मधे बोलत तरी नाहीत."

"सात नंबरची पेटी हवीय. वरचा थर."

त्याचं हसू मावळलं. "ती ना... ती टेबलावरच आहे. फळीवर ठेवली तरी दुसऱ्या दिवशी टेबलावरच मिळते. मी आता वाद घालायचं सोडून दिलंय." टेबलाकडे बोट करून तो म्हणाला, "आणि एक बघा. बाकीच्या पेट्यांवर बोटभर धूळ, हिच्यावर आहे का बघा."

नव्हती. झाकण ओलसर होतं, नुकताच कोणी पाण्याचा हात फिरवावा तसं. मॅडमनी ते रुमालाने पुसलं. "छत गळत असेल," त्या म्हणाल्या.

"ह्या उन्हात?" गोदामवाला म्हणाला, आणि करवत आणायला वळला.

आता ही पेटी काय होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी स्लाईड घासायला एक म्हातारा होता. सगळे त्याला घासकाका म्हणत. दगडाचा काप काचेवर चिकटवायचा आणि दळलेल्या कठीण भुकटीत, पाणी घालून, काचेच्या पाटावर गोल गोल घासत बसायचं. केसाच्या निम्म्याहून पातळ होईपर्यंत. मग तो दगड दगड राहत नाही, त्यातून उजेड जातो. घासकाकांनी चाळीस वर्षं घासलं. स्वतःच्या बोटांचे ठसेही त्यांनी असेच घासून घालवले होते. हजेरीच्या यंत्राला त्यांचा अंगठा ओळखू येत नसे. "कागदोपत्री मी इथं येतच नाही बरं का मॅडम," ते हसून म्हणत, "हे जे घासतंय ना, ते माझं भूत."

घासण्याआधी एक काम असतं. दगड काचेच्या घुमटीखाली ठेवून पंपाने त्यातली हवा ओढून काढायची आणि त्यात निळा रंग घातलेला पातळ डिंक जिरवायचा. तो डिंक पोकळीत शिरतो आणि घट्ट होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली सगळं सरळ असतं. निळं दिसलं ती पोकळी. निळं नसलेलं भोक दिसलं, तर तो घासताना सुटून गेलेला कण. तो मोजायचा नाही. असे तीनशे ठिपके मोजायचे. पहिल्या वर्षाच्या पोराला शिकवतात ते हे.

त्या आठवड्यात निळा रंग संपला होता. मागणी केलेली, पण आली नव्हती. घासकाका मॅडमच्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, "निळं संपलंय, मॅडम. सात नंबरचं बिनरंगाचं भरलंय. स्लाईडच्या पाटीवर चिठ्ठी लावलीय, लक्षात असू द्या." मॅडम फोनवर होत्या. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला निघायचं होतं. संध्याकाळी घाईघाईने स्लाईड लावली, भोकंच भोकं दिसली, एकातही निळं नाही. सुटलेले कण, असं म्हणून त्यांनी सगळी सोडून दिली. बारा ठिकाणी शंका आली ती तेवढी धरली. तीनशेत बारा. चार टक्के. घट्ट दगड, वायू असायचं कारण नाही. सही केली आणि लग्नाला गेल्या.

घट्ट दगड हातात चुरतो का हो? तो थर इतका ठिसूळ होता की त्याचा धड तुकडा निघेना, म्हणून यंत्रावरची मोजणी झालीच नव्हती. हे त्यांना दिसलं होतं. इतक्या वर्षांच्या हातांना कळलंही असेल. पण घाईपुढे अक्कल चालत नाही.

शेजारची विहीर खणताना त्या आकड्यावर विसंबून खणणाऱ्यांनी आत सोडायचा चिखल हलका ठेवला. वायू दाबून धरायला चिखल जड लागतो, पण जिथे वायूच नाही तिथे जड चिखल कशाला? त्या थराशी पोचल्यावर वायू वर आला आणि पेटला. दोन माणसं गेली. त्यातला एक घासकाकांचा जावई. काकांनीच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं होतं.

चौकशी बसली. स्लाईडमध्ये रंग नाही हे निघालं. चिठ्ठी होती, असं काका पुन्हा पुन्हा सांगत होते. मॅडमनी ती चिठ्ठी आदल्या रात्रीच फाडून बेसिनमध्ये सोडली होती. "मला कोणी काही सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. एकीकडे अधिकारीण, दुसरीकडे दगड घासणारा म्हातारा. खरं कोणाचं ठरणार? काकांना काढलं आणि प्रकरण मिटवलं; थर पुन्हा कोणी मोजला नाही, कागदावर चारच राहिला. त्यांच्या लेकीने त्यांच्या तोंडावर दार लावलं. वर्षाच्या आत ते गेले. कुठे, कसे, मॅडमनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

आणि आज मॅडम त्याच पेटीपुढे उभ्या होत्या. खरी स्लाईड केली तर आकडा वीसच्या घरात येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग पुन्हा चौकशी. बिनरंगाची स्लाईड कशी मोजली? चिठ्ठीचं काय झालं? पण त्या ठिसूळ थराच्या खाली, वीतभर अंतरावर, एक चुनखडीने लिंपलेला कठीण पट्टा होता. त्यात पोकळी नाहीच. तिथला तुकडा घेतला, खोली वीतभर वर लिहिली, की झालं. कोण येतंय बघायला?

त्यांनी त्या पट्ट्यातून तुकडा कापला. करवतीच्या पात्याला धार असूनही तो कुरकुरत होता, इतका कठीण. गोदामवाला लांबून बघत होता. त्यांनी पेटी बंद केली.

"मॅडम," तो म्हणाला, "सात नंबरच्या मागे पुन्हा का लागलेत सगळे?"

"तुम्हाला काय करायचंय?" मॅडम म्हणाल्या.

तीन वाजता त्यांनी तुकडा वाळवून घुमटीखाली ठेवला, निळा डिंक ओतला, पंप सुरू केला. दगडातली हवा बुडबुड्यांनी बाहेर यायला लागली. असल्या कठीण तुकड्यातून पाच-दहा मिनिटं येते, मग थांबते. मॅडम चहा घेऊन आल्या. बुडबुडे चालूच होते. चहा संपला. चालूच. चार वाजले, साडेचार. अंगठ्याएवढा दगड, आणि हवा संपेना. आधी बारीक मोत्यांसारखे होते ते आता एकेक करून, मोठे, सावकाश यायला लागले. प्रत्येक फुटताना हलका आवाज व्हायचा... बोलण्याआधी माणूस श्वास सोडतो तसा.

आणि डिंक कमी होत होता. त्यांनी पुन्हा ओतला. तोही गेला. अर्धी बाटली संपली. त्या तुकड्यात इतकं जाणार तरी कुठे? घुमटी फुटली असेल म्हणून खाली हात फिरवला. टेबल कोरडं ठणठणीत. पाच वाजता त्यांनी पंप बंद केला. पंप थांबला, बुडबुडे थांबले नाहीत. तुकडा चिमट्याने उचलून गरम कपाटात ठेवला, दार लोटलं, आणि मागे न बघता त्या घरी निघाल्या.

घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आई चौऱ्याऐंशीची, काठी टेकत चालणारी, पण कान तिखट आणि तोंड त्याहून. कोणी दारावर आलं की सगळ्यांत आधी ती उठायची, मग तो गॅसवाला असो नाहीतर चुकून आलेला कोणी. तासभर त्याला दारातच घरची सगळी हकिकत सांगायची. मुलीने किती वेळा बजावलं असेल, सुधारली नाही.

"हात कसले गं निळे झालेत?" आईने विचारलं.

"रंग आहे."

"जेव."

"भूक नाही."

"आठ वर्षं झाली तुला भूक नाही," आई म्हणाली. "पोटात काय धरून बसलीस ते एकदा ओकून टाक. मी काही तुला खात नाही."

मॅडम ताटावरून उठल्या. आईशी त्या वर्षानुवर्षं बोलतच नव्हत्या म्हणा. फक्त उत्तरं द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडताना आतून आवाज आला. घस्स... घस्स... काचेवर काच, मधे ओली भुकटी, गोल गोल. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. त्यांनी दार ढकललं. घासायच्या खोलीत कोणी नव्हतं. पाट ओला होता. रॉकेलचा आणि ओल्या दगडाचा वास दरवळत होता. आणि आवाज थांबला नाही. तो आता पलीकडच्या भिंतीतून येतोय असं वाटत होतं, आणि पलीकडे तर बाहेरचं आवार.

टेबलावर पाटी ठेवली होती. तिच्यात एकच स्लाईड. घासून, पुसून, तयार. मॅडमनी तर त्या तुकड्याचा काप अजून काढलाही नव्हता. गरम कपाट उघडून पाहिलं, ते रिकामं. स्लाईडच्या काठावर हिऱ्याच्या टोकाने नंबर कोरला होता, आणि खोली. मॅडम लिहिणार होत्या ती खोटी खोली नव्हे. कठीण पट्ट्याची, खरी. सातचा आकडा मधे आडवी रेघ मारून. असा सात या इमारतीत एकच माणूस काढायचा.

कोणाचा तरी वाईट चाळा, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गोदामवाल्याचा असेल. तरी स्लाईड त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. सवय वाईट असते. समोर स्लाईड आली की मोजायची.

पहिला ठिपका निळा. दुसरा निळा. दहावा, विसावा निळा. एक कण तरी दिसावा! वाळूचा पांढरा, चुन्याचा करडा, काहीही. जिथे सरकवावी तिथे निळंच निळं, तळ नसलेलं. शंभर. दोनशे. त्या मोजत राहिल्या, कारण थांबलं तर काय करायचं हे सुचत नव्हतं. तीनशेपैकी तीनशे. म्हणजे दगड नाहीच, सगळी पोकळी. आणि तरी ती पोकळी काचेवर चिकटलेली, बोटाला खरखरीत लागणारी. त्यांनी डोळा बाजूला केला. क्षणभर त्यांना वाटलं की वरून आपण बघत नव्हतोच. खालून कोणीतरी शांतपणे आपले ठिपके मोजत होतं.

भिंतीतला आवाज चालू होता. घस्स... घस्स...

दुपारी दोनला पहारेकऱ्याचा फोन आला की एक बाई भेटायला आलीय, आणि ती जात नाही. मॅडमनी नको म्हणेपर्यंत ती दारात उभीही होती. पस्तिशीची, खांद्याला कापडी पिशवी, बोटांवर शिवणकामाच्या सुईच्या खुणा. कपाळ थेट वडिलांचं.

"ओळखलंत?"

"बस," मॅडम म्हणाल्या.

घासकाकांची लेक खुर्चीच्या कडेवर बसली. "सात नंबरचा दगड पुन्हा काढलाय म्हणे. गोदामवाले आमच्याच गल्लीत राहतात. काल सांगत होते."

"त्याच्या जिभेला हाड नाही."

"मला फक्त एक विचारायचंय, मॅडम. बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं, की नव्हतं?"

"चौकशीत सगळं झालंय ते."

"चौकशीत झालं. मी तुम्हाला विचारतेय."

मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने हात लावला नाही. खाली मान घालून, शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं तशा आवाजात ती बोलायला लागली.

"ते येतात... रोज. चारला. याच वेळेला सुटून घरी यायचे ना, तेव्हा. दार वाजवत नाहीत. हाक मारत नाहीत. नुसते उभे असतात... दाराखालच्या फटीतून पाय दिसतात. ओले. पायांना ती काळी भुकटी." ती थांबली. "माझा नवरा गेला तेव्हा मी त्यांना म्हणाले होते, तुम्ही माझा माणूस मारलात, माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. जिवंत असताना त्यांनी ते पाळलं. त्या पायरीवर बसूनच गेले ते, मॅडम. उन्हात. मी आत शिवत होते... मला मशीनच्या आवाजात कळलं नाही. आणि आताही पाळतात. मी बोलावल्याशिवाय आत येत नाहीत."

मॅडमची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"मी कशी बोलावू?" ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा जीव गेलाय. पण त्यांनी खरंच सांगितलं असेल... तर मी बापाला सात वर्षं बाहेर उभं केलंय. तुम्ही एवढंच म्हणा, की त्यांची चूक नव्हती. मी कुठे जाणार नाही, कोणाला सांगणार नाही, तुमचं नाव घेणार नाही. आज चारला जाऊन दार उघडेन. बस्स."

किती सोपं होतं बघा. एक वाक्य. ना कागद, ना सही, ना साक्षीदार. म्हातारं माणूस घरात आलं असतं, लेकीचा जीव थाऱ्यावर आला असता. मॅडमनी तोंड उघडलंही. पण आठ वर्षं एक खोटं सांभाळलं की ते आपलं होऊन बसतं; ते सोडायचं म्हणजे आपल्यात मग उरतं काय, ही भीती. हिने उद्या कोणाला सांगितलं तर? दोन महिने राहिलेत फक्त, दोन महिने.

"चूक त्यांचीच होती," मॅडम म्हणाल्या. "मला कोणी काही सांगितलं नव्हतं."

ती रडली नाही, भांडली नाही. पिशवी खांद्याला लावून उठली.

"बरं. मग राहू देत उभे." दारापाशी जाऊन ती वळली. "पण एवढं सांगते मॅडम, असं आपल्याच दाराबाहेर उभं राहणं... वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये."

ती गेल्यावर मॅडमनी अहवालाचा कागद पुढे ओढला. पोकळी, चार टक्के. लिहिलं आणि झोकदार सही केली. कागदाचं बरं असतं, तो काहीही सोसतो. ती निळी स्लाईड त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेचली आणि कचऱ्यात टाकली.

चारच्या ठोक्याला भिंतीतलं घासणं थांबलं.

सकाळपासून चाललेला आवाज बंद झाला तर हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. काम पुरं झालं म्हणजे माणूस हात धुऊन उठतो, तसं ते थांबणं होतं. मॅडमना एकदम हलकं वाटलं, पण चांगलं हलकं नव्हे. जेवण न झालेल्या माणसासारखं, पोकळ. त्या तासभर तशाच बसून राहिल्या. साहेब त्यांच्या टेबलाजवळून गेले, "मॅडम कुठे गेल्या?" असं कोणाला तरी विचारलं आणि पुढे निघून गेले. मॅडमनी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. माजलेत, मॅडमच्या मनात आलं. निवृत्त होणाऱ्याला कोण विचारतं? फाटकावर पहारेकऱ्यानेही मान वर केली नाही.

घरी पोचल्या तेव्हा लख्ख उजेड होता. त्यांनी किल्ली लावली. फिरली, पण दार उघडेना. आतून कडी होती. बेल दाबली. काठीची टकटक जवळ आली.

"कोण आहे?" आईने आतून विचारलं.

"मी. उघड."

"मी कोण?"

"अगं मी, आई! तुझी मुलगी. काय झालंय तुला?"

आत काठी एकदा सरकली. मग आई म्हणाली, "माझी मुलगी घरातच आहे. चारलाच आली."

"चेष्टा पुरे हं आई..."

"चेष्टा कसली बाई?" आईचा आवाज परक्या माणसाशी बोलायचा होता, गोड आणि मोकळा. "आल्या आल्या तिने कुणाच्या तरी लेकीला फोन लावला. तुझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, म्हणाली. चिठ्ठी मीच फाडली, म्हणाली, उघड दार आणि घे त्यांना आत. केवढी रडली! मग माझ्याजवळ येऊन बसली, सगळं सगळं सांगितलं. आठ वर्षांनी पोटभर जेवलीय आज माझी पोर. मोकळी झाली बिचारी."

मॅडमनी दोन्ही हातांनी दार धरलं. "आई, ऐक... ती मी नाही. मी इथे आहे. आत आहे ते... ते दुसरंच काहीतरी आहे. आई, तुझ्या पाया पडते... कडी काढ."

त्या खाली वाकल्या. दाराखालच्या फटीतून आईची पावलं दिसत होती, काठीचं रबरी टोक दिसत होतं. मग आतल्या खोलीतून आणखी दोन पावलं सावकाश चालत आली आणि आईशेजारी थांबली. पायांत मॅडमच्याच सपाता होत्या.

"आई, कोण आहे गं?" आतून आवाज आला. मॅडमचाच. पण दमलेला, मऊ, आईशी त्या कधीच बोलल्या नव्हत्या तसा.

"कोणी नाही," आई म्हणाली. "तीच गं. आठ वर्षं रोज या वेळेला येऊन उभी राहते ती."